पंख डोक्यावर, पाय जमिनीवर : घरी विमान बनवणाऱ्या एका मित्राला उत्तर

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणा नाही, मुलाखत नाही. मी एकटाच बोलणार आहे, आणि खरं सांगायचं तर एकाच माणसाशी बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकत बसा, कारण हाच प्रश्न तुमच्यातल्या दहा जणांच्या डोक्यात असणार, मला खात्री आहे.

आठ दिवसांपूर्वी मेसेज आला. यावल तालुक्यातला एक पोरगा, वय वीस, आयटीआय झालेला, वेल्डरचा ट्रेड. सोबत चार फोटो. केळीच्या बागेच्या कडेला पत्र्याचं शेड. शेडमध्ये चौकोनी पाइपाचा सांगाडा. सांगाड्याच्या वर दोन पंखांच्या चौकटी, अजून कापड न चढवलेल्या. आणि पुढे नाकावर बसवलेलं मारुती 800 चं इंजिन. मेसेज एवढाच: "दादा, हाय-विंग प्लेन बनवतोय. फ्रेम झाली. इंजिन भंगारातून आणलं, चालू आहे. फक्त प्रोपेलर कुठे मिळेल ते सांगा. दिवाळीला उडवायचंय."

आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. ब्लू टिक दिसली असेल त्याला. वाटलं असेल, दादा मोठा माणूस झाला, भाव खातोय. तसं नाही भो. मला उत्तर सुचत नव्हतं. "नको करूस" म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, कारण तुझ्या वयात मीही ऐकलं नसतं. आणि "वा, शाब्बास" म्हटलं तर उद्या मी आरशात बघू शकणार नाही. म्हणून हा अख्खा भाग.

आधी मी कोण ते सांगतो. मी पायलट नाही. छोटी ट्रेनिंगची विमानं दुरुस्त करणाऱ्यांपैकी आहे. माझे हात ग्रीसचे. पण जन्म आणि शाळा दीपनगरची, भुसावळच्या थर्मलची कॉलनी. आणि आज जे सांगायचंय त्याची सुरुवात तिथूनच होते.

परमिट

ज्यांनी दीपनगर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भुसावळपासून जवळच, फेकरीच्या अंगाला, वीज केंद्र आणि त्याची वसाहत. पहिला सेट 1968 चा. पुढे 210 मेगावॅटचे, मग 500 मेगावॅटचे सेट आले. आमच्याकडे युनिट कोणी म्हणत नाही, सेट म्हणतात. चिमणीचा धूर कुठे झुकलाय ते बघून आया वाळत घातलेले कपडे काढायचे की ठेवायचे ते ठरवतात.

माझे पप्पा मेंटेनन्सला होते. तेव्हा एमएसईबी होती, महानिर्मिती नंतर झाली. घरी जेवताना एक शब्द रोज ऐकू यायचा, परमिट. "परमिट मिळालं नाही." "परमिट रिटर्न करून आलो." लहानपणी मला वाटायचं हा दारूचा परवाना असतो तसला काहीतरी प्रकार आहे.

नंतर कळलं. एखाद्या पंपावर काम करायचं असेल तर फिटर सरळ पाना घेऊन जात नाही. ऑपरेशनचा माणूस आधी त्या पंपाची वीज तोडतो, ब्रेकर बाहेर काढतो, व्हॉल्व बंद करतो, त्यावर डेंजरचा बोर्ड अडकवतो, आणि मग कागदावर सही करून म्हणतो, आता हात लाव. काम झालं की फिटर सही करून कागद परत देतो, मगच मशीन सुरू. म्हणजे मशीन बंद करणारा एक, काम करणारा दुसरा. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा.

एकदा पप्पा रात्रपाळीला गेले आणि दोन तास नुसते बसून राहिले. काम पंधरा मिनिटांचं होतं. पण एक सही राहिली होती. मी सकाळी विचारलं, "पंपाचा आवाज बंद होता, तुम्हाला दिसत होतं, मग करून टाकायचं ना?" ते म्हणाले, "बंद आहे असं मला दिसत होतं. बंद केलाय असं कोणी सांगितलं नव्हतं. या दोन गोष्टींच्या मध्ये माणूस मरतो."

हे वाक्य मला तेव्हा डायलॉग वाटला. कळलं दोन वर्षांनी, कपाशीच्या शेतात.

कपाशीतलं विमान

अकरावीत मी रिमोटचं विमान बनवलं. थर्माकोल, बांबूच्या काड्या, पॅकिंगची टेप. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मीटर. हाय-विंगच. मोटर आणि रिमोट दोन वर्षांच्या साठवलेल्या पैशांतून. पहिल्यांदा उडालं तेव्हा मी रडलो होतो, खोटं कशाला बोलू.

चौथ्या उड्डाणाआधी मी पंख काढून वायरिंग नीट केलं. पुन्हा बसवलं. मोटर फिरते, मागची शेपटी हलते, पंखांवरची एलेरॉन हलतात. सगळं "हलतंय". सोडलं. वाऱ्याने उजवीकडे कललं. मी डावीकडे काडी दिली. ते आणखी उजवीकडे कललं. मी आणखी डावीकडे दिली. तीन सेकंदांत ते उलटं होऊन कपाशीत घुसलं.

दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. एलेरॉन हलत होती, पण उलटी. मी जितकं वाचवायला जात होतो, तितकं पाडत होतो.

आता यातली मेख बघा. मी उडवण्याआधी तपासलं होतं. दोनदा. पण माझ्या डोक्यात "मी बरोबर जोडलंय" हे आधीच बसलं होतं, म्हणून डोळ्यांनी फक्त "हलतंय का" एवढंच पाहिलं. कॉलनीतल्या दुसऱ्या कुठल्याही पोराला नुसतं विचारलं असतं, "बघ रे, काडी डावीकडे केली तर डावं वर जातंय का?" तर त्याने सांगितलं असतं.

हे थर्माकोलचं होतं म्हणून मी आज माइकसमोर आहे. खऱ्या विमानांतही हेच झालंय, कंट्रोल उलटे जोडले जाऊन माणसं गेली आहेत. म्हणून आमच्या धंद्यात नियम आहे: कंट्रोलच्या केबलला किंवा रॉडला कोणीही हात लावला की त्याने स्वतः तपासायचं, आणि मग ज्याने ते काम केलेलं नाही अशा दुसऱ्या पात्र माणसाने पहिल्यापासून तपासायचं. दोन सह्या. पायलटलाही सोपी खूण शिकवतात: स्टिक डावीकडे झुकवून अंगठा वर करा, अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचं एलेरॉन वर गेलं पाहिजे. परमिटच आहे ते. नाव वेगळं.

हाय-विंग निवडलंस, ते बरोबर केलंस

आता तुझ्या विमानाकडे येतो. आधी कौतुक, कारण ते खरं आहे.

पंख डोक्यावर असलेलं विमान नवशिक्यासाठी समजूतदार असतं. वजन पंखाखाली लटकलेलं असतं, त्यामुळे कललं तरी सरळ होण्याकडे त्याचा ओढा असतो. खालचं दिसतं, म्हणजे इंजिन बंद पडलं तर कुठलं शेत मोकळं आहे ते शोधता येतं. पेट्रोलची टाकी पंखात ठेवली तर पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरतं, पंपावर सगळा भरवसा टाकावा लागत नाही. बांधावरचं गवत, तुरीची झाडं पंखाला लागत नाहीत. आणि पंखाखालून धडापर्यंत तिरपा दांडा, म्हणजे स्ट्रट दिला की पंखाच्या आतला मुख्य आडवा दांडा, स्पार, हलका करता येतो. घरी बनवणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

तोटेही ऐक. वळताना आतला पंख खाली येतो आणि नेमकं जिकडे वळतोयस तिकडचंच झाकतो. आणि जमिनीवर उभं असताना वारा त्या वरच्या पंखाला धरून विमान उलटं करू शकतो. वैशाखात आपल्याकडे वावटळ उठते तेव्हा दोर सोडलेलं हलकं विमान जागेवर राहत नाही.

ही जात नवीन नाही. 1929 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात, चेरी ग्रोव्ह नावाच्या एका लहानशा गावात, बर्नार्ड पीटनपोल या माणसाने लाकूड आणि कापडाचं विमान बनवलं. पंख डोक्याच्या वर, छत्रीसारखा. आणि इंजिन? फोर्ड मॉडेल ए मोटारीचं. त्याच्या नकाशांवरून लोक आजही विमानं बनवतात. म्हणजे मोटारीचं इंजिन ही तुझी कल्पना वेडेपणाची नाही, जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे बघ. एचएएलचं पुष्पक. 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं. दोन माणसं, हाय-विंग, वर कापड, 90 अश्वशक्तीचं इंजिन. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत किती तरी पायलट त्यावर हात बसवून गेले.

आणि पत्र्याचं हवं असेल तर ख्रिस हाइन्झ यांचं झेनिथ सीएच 701, 1986 चं डिझाइन. पंखाच्या पुढच्या कडेला कायमची बसवलेली पट्टी, स्लॅट, ज्यामुळे ते खूप कमी वेगातही पडत नाही आणि छोट्या जागेतून उठतं. घरी, साध्या हत्यारांनी, रिव्हेट मारून बनवता यावं म्हणूनच आखलेलं.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही नकाशावरून बनतात. कोणीतरी आधी हिशेब केला, बनवलं, तोडून पाहिलं, उडवलं, आणि मग कागद दुसऱ्याच्या हातात दिला. तुझ्या फोटोत मी नकाशा शोधला. भिंतीवर विमानाचा कॅलेंडरचा फोटो दिसला.

पाइप, इंजिन आणि महाबळेश्वर

तीन गोष्टी स्पष्ट सांगतो. राग मानू नकोस.

पहिली, पाइप. तू वापरलाय तो ग्रिल-गेटचा माइल्ड स्टीलचा चौकोनी पाइप. विमानात पोलाद वापरतात ते क्रोम-मोली, 4130. त्याची ताकद जास्त, म्हणून पातळ नळी चालते, म्हणून वजन कमी. तुझा सांगाडा मजबूत दिसतो, पण तो गेटसारखा मजबूत आहे. आणि कोणी सांगेल, मग खिडकीचं ॲल्युमिनियम सेक्शन घे. तेही नको. खिडकीचा माल साधारण 6063 असतो, मऊ. सीएच 701 सारख्या विमानात 6061-टी6 लागतं. बाहेरून दोन्ही पांढरंच दिसतं. दुकानदार "एकच आहे हो" म्हणेल. म्हणून विमानाच्या मालासोबत त्याचा कागद येतो, आणि कागद नसलेला तुकडा आम्ही कितीही चकचकीत असला तरी बाजूला टाकतो.

दुसरी, इंजिन. मारुती 800 चं इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर, सदतीस-एक अश्वशक्ती, आणि तीही पाच हजार आरपीएमला. मोटार रस्त्यावर चालते तेव्हा त्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. भुसावळ ते जळगाव जाताना तू पूर्ण ॲक्सिलरेटर किती वेळ दाबतोस? ओव्हरटेकला, दहा सेकंद. विमानाचं इंजिन उठताना पूर्ण ताकदीवर असतं आणि नंतरही तासन् तास पाऊण ताकदीवर. त्या कामासाठी ते घडवलेलं असतं. शिवाय प्रोपेलर पाच हजारांवर फिरवून चालत नाही, पात्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि ताकद नुसती गोंगाटात जाते. म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअर किंवा बेल्ट लागतो. आणि तीन सिलिंडरचे धक्के त्या गिअरमधून प्रोपेलरपर्यंत जाताना कुठल्या आरपीएमला सगळं थरथरून तुटेल, हे गॅरेजमध्ये कानाने कळत नाही. आणखी एक: विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, दोन वेगळ्या सर्किटवर. एक गेलं तर दुसरं घरी आणतं. तुझ्याकडे एकच आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या खानदेशाची. ऊन. भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटर. पण हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंख कमी उचलतो, इंजिन कमी ओढतं, प्रोपेलर कमी ढकलतो. तिन्ही एकदम. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी भुसावळची हवा विमानाला साधारण साडेतेराशे मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेसारखी लागते. म्हणजे महाबळेश्वरची उंची. आपण घामाने निथळत असतो आणि विमान बिचारं महाबळेश्वरला असतं. सकाळी सहा वाजता शेताच्या कडेच्या निंबावरून आरामात गेलेलं विमान दुपारी दोनला त्याच निंबात जाईल. तू तोच, विमान तेच, झाड तेच.

कांदिवलीची गच्ची आणि धुळ्याची धावपट्टी

आता तू म्हणशील, दादा, मग अमोल यादवांनी कसं केलं? बरोबर. त्यांचंच नाव घेणार होतो.

कॅप्टन अमोल यादव. मूळ सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे, मुंबईत वाढलेले. जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. 1998 मध्ये विमान बनवायला घेतलं. पहिली दोन आकाशापर्यंत पोचली नाहीत. तिसरं कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं, सहा माणसांचं. 2016 च्या फेब्रुवारीत बीकेसीला 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सुटं करून खाली उतरवलं आणि तिथे मांडलं. लोकांनी रांगा लावल्या. तुझ्यासारख्या कितीतरी पोरांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले.

सगळ्यांना गोष्ट इथपर्यंतच माहीत असते. गच्ची, जिद्द, टाळ्या. पण पुढचं ऐक, कारण तुझ्या कामाचं पुढचंच आहे.

प्रदर्शनानंतर विमान लगेच उडालं नाही. नोंदणीसाठी त्यांचा डीजीसीएकडे बरीच वर्षं पाठपुरावा सुरू होता. नोंदणी झाली 2017 च्या नोव्हेंबरमध्ये, व्हीटी-एनएमडी. नोंदणी म्हणजे गाडीची नंबर प्लेट, उडायचा परवाना नव्हे. परमिट टू फ्लाय हातात आलं 2019 च्या ऑक्टोबरमध्ये. आणि मग 2020 मध्ये ते उडालं. कुठे? आपल्या धुळ्याला. गोंदूरच्या धावपट्टीवर. आपल्या खानदेशात.

1998 ते 2020. बावीस वर्षं. आणि हा माणूस व्यवसायाने वैमानिक होता.

या गोष्टीतली सरकारी दिरंगाई आहेच, मी तिची बाजू घेत नाही. नियम असे हवेत की घरी बनवणाऱ्याला दार दिसलं पाहिजे. अमेरिकेत हे दार आहे. तिथे विमानाचा निम्म्यापेक्षा जास्त भाग स्वतः बनवला तर ते हौशी बनावटीचं म्हणून नोंदता येतं, एक्कावन टक्क्यांचा नियम म्हणतात. पण तिथेही तपासनीस येऊन बघतो. आणि परवाना मिळाल्यावरही पहिले 25 किंवा 40 तास ठरवून दिलेल्या मोकळ्या भागातच उडायचं, मित्रमैत्रिणीला शेजारी बसवून फिरवायचं नाही.

पण दिरंगाई वजा केली तरी काही वर्षं उरतातच, आणि ती वाया गेलेली नसतात. त्या काळात कोणीतरी विचारतं: हा बोल्ट कुठला? वजन कुठे मोजलं? इंजिन जमिनीवर किती तास चालवलं? परमिट शब्दाने आपल्याला साहेब आठवतो, टेबल आठवतं. मला पप्पा आठवतात, रात्रपाळीला दोन तास नुसते बसलेले.

फुलसावंगी

आता जे सांगणार आहे ते मला सांगायचं नव्हतं. पण त्याच्याशिवाय हे उत्तर खोटं होईल.

ऑगस्ट 2021. यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका, फुलसावंगी गाव. चोवीस वर्षांचा तरुण. शाळा आठवीपर्यंत. पत्र्याची कपाटं, कूलर बनवणारा, हातात कला. दोन-तीन वर्षं खपून त्याने हेलिकॉप्टर बनवलं. इंजिन मारुती 800 चं. पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं होतं. चारपाच दिवस आधी रात्री चाचणी घेतली. यंत्र जमिनीवरच होतं. पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला.

बातमी आली तेव्हा निम्मे लोक म्हणाले, "अडाणीपणा". निम्मे म्हणाले, "हुतात्मा". मला दोन्ही पटलं नाही. पात्याचा वेल्ड बघून "हे फिरवू नकोस" म्हणणारा एक माणूस त्याच्याजवळ हवा होता. धाडस त्याच्याकडे भरपूर होतं. कौतुक करणारं गाव होतं, मोबाइलवर शूटिंग करणारे मित्र होते. तपासणारा नव्हता.

आणि तपासणी, प्रशिक्षण, परवाने सगळं असूनही आकाश माफ करेलच असं नाही. 16 जुलै 2021 ला आपल्याच चोपडा तालुक्यात, वर्डीच्या बाजूला सातपुड्यात, प्रशिक्षणाचं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी. पावसाळा, जंगल, गाडी पोचेना. तिथल्या आदिवासी लोकांनी लाकडाला कापड बांधून झोळी केली आणि तिला खांद्यावरून खाली आणलं. विमान पडतं तेव्हा ते नुसतं पायलटचं राहत नाही. कोणाच्या तरी शेतात पडतं, आणि धावत कोण येतं तर ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही ते.

म्हणून "माझा जीव, माझी मर्जी" हे वाक्य मला पाठवू नकोस. दिवाळीला तुझ्या उड्डाणाला गाव जमेल. पुढच्या रांगेत लहान पोरं असतील.

मग करायचं काय?

प्रोपेलर कुठे मिळेल ते मला माहीत आहे. आज सांगत नाही. त्याऐवजी हे कर.

एक. इंजिन उतरव. सांगाडा मोडू नकोस, तो तुझा पहिला धडा म्हणून ठेव. पण तो उडणार नाही हे स्वतःला सांगून टाक. इंजिनाला प्रोपेलरच्या नावाखाली छताच्या पंख्याची पाती लावून बघायचा मोह होईल. ती पाती तेवढ्या वेगासाठी नसतात. फुलसावंगी आठव.

दोन. दोन मीटर पंखांचं रिमोटचं विमान बनव. हसू नकोस. वजन पुढे-मागे केल्यावर विमानाचा स्वभाव कसा बदलतो हे पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही. नाक जड असलेलं विमान नीट उडत नाही, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं. हे हजार-दोन हजार रुपयांचा थर्माकोल मोडून शिक. आणि थर्मलजवळ, हाय टेन्शनच्या तारांजवळ, विमानतळाजवळ अजिबात उडवायचं नाही.

तीन. वजनाचा हिशेब शिक. सोपा आहे. तीन चाकांखाली तीन काटे. समज पुढच्या चाकावर 60 किलो, मागच्या प्रत्येक चाकावर 110. एकूण 280. पुढचं चाक शून्य धरलं आणि मागची चाकं 1.4 मीटर मागे असली, तर 220 गुणिले 1.4, भागिले 280. उत्तर 1.1 मीटर. तिथे तुझ्या विमानाचा तोल आहे. आता त्यात तू बसलास तर? पेट्रोल संपत आलं तर? प्रत्येक वेळी तो बिंदू नकाशात दिलेल्या हद्दीत राहिला पाहिजे. दहावीचं गणित आहे हे, पण ते न केल्याने माणसं मेली आहेत.

चार. पंख तोडून बघायची तयारी ठेव. नेहमीच्या छोट्या विमानांना आपल्या वजनाच्या 3.8 पट भार सोसावा लागतो, वर दीडपट राखीव. म्हणजे 450 किलोच्या विमानाचे पंख उलटे टांगून त्यावर 1,700 किलोच्या आसपास वाळूच्या गोण्या रचल्या तरी ते वाकून परत सरळ झाले पाहिजेत, आणि 2,500 किलोपर्यंत तुटता कामा नयेत. तुझ्या पंखावर किती गोण्या ठेवायची हिंमत आहे? मनातल्या मनात उत्तर दे.

पाच. माणसं शोध. जळगावच्या विमानतळावर वैमानिक घडवण्याचं प्रशिक्षण सुरू झालंय, धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचं आहे, शिरपूरला आहे. तिथे पायलट होण्याचे लाखो रुपये आपल्याकडे नसतील, पण तिथे मेकॅनिक आहेत, आणि मेकॅनिकला प्रश्न विचारणारा पोरगा आवडतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तू वेल्डर आहेस. विमानाच्या दुरुस्तीचा रीतसर कोर्स, एएमई, हा तुझ्यासाठी खरा रस्ता आहे. बारावी सायन्स लागतं, आधी ते बघ.

सहा. नोंदणी आणि परमिट नसताना माणूस बसवून विमान उडवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. 1934 चा जुना कायदा जाऊन 2025 च्या पहिल्या तारखेपासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. पोलीस शेडमध्ये येऊन यंत्र घेऊन गेले तर मला फोन करू नकोस. नाही, कर. पण मी त्यांचीच बाजू घेईन.

शेवटचं

पप्पा आता रिटायर आहेत. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तुझे फोटो मी त्यांना दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मला वाटलं म्हणतील, वेडं पोरगं आहे. ते म्हणाले, "वेल्डिंग सुबक आहे रे याचं." मग फोन परत देताना म्हणाले, "याच्यासोबत दुसरा कोण आहे?"

मी म्हटलं, एकटाच आहे.

"मग तू जा," म्हणाले.

तर मी येत्या रविवारी यावलला येतोय, सकाळच्या गाडीने. येताना काटा, फीत आणि एक कोरी वही आणतो. वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकू, खाली दोन रकाने करू: काम करणारा, तपासणारा. पहिल्या रकान्यात तुझी सही, दुसऱ्यात माझी. दिवाळीला ते विमान उडणार नाही. पण दिवाळीपर्यंत ते का उडणार नाही हे तुला नेमकं, आकड्यांत सांगता आलं, तर ते मला त्या दिवशीच्या फटाक्यांपेक्षा मोठं वाटेल.

इंजिन तेवढं मी येईपर्यंत सुरू करू नकोस. बॅटरीची वायर काढून ठेव, आणि शेडवर पाटी लाव. डेंजर.

बाकी मंडळी, तुमच्यापैकी कोणी असं काही बनवत असेल, विमान, ड्रोन, पॅराग्लायडरला मोटर, काहीही, तर फोटो पाठवा. आणि फोटोसोबत एवढंच लिहा: तपासणारा दुसरा माणूस कोण आहे? नसेल तर आधी तो शोधू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.